थेंबबाबांच्या दोन बाटल्या

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात झाकणबंद बाटली आणि बाटलीत स्वतःची लघवी. एरवी जी वस्तू डॉक्टरकडे नेतानाही माणूस कागदात गुंडाळतो, ती इथे मंडळी उजेडात धरून एकमेकांना दाखवत होती.

"माझी बघा, कशी लालबुंद झालीय!"

"हॅ! माझ्यापुढे ती काहीच नाही."

व्यासपीठावर थेंबबाबा डोळे मिटून बसले होते. "पहिल्या बाटलीचे थेंब रोगाला बाहेर ओढतात. लाल दिसतो तो रोग! दुसऱ्या बाटलीनं लघवी स्वच्छ झाली की रोगी मोकळा. नळी नको, सुरी नको, डॉक्टर तर नकोच नको!"

टाळ्या पडल्या. आज साक्ष द्यायची होती रंगाऱ्याने. साठी ओलांडलेला, चाळीस वर्षं कापड रंगवण्याच्या कारखान्यात काढलेला, दिवसाला सिगारेटचं एक पाकीट फुंकणारा गडी. महिन्यापूर्वी त्याच्या लघवीतून रक्त गेलं. दुखलंखुपलं काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, "मूत्राशयात गाठ असू शकते. दुर्बीण घालून बघायलाच हवं." दुर्बीण कुठून घालतात ते कळल्यावर रंगाऱ्याची बोबडी वळली आणि त्याने थेट बाबांचे पाय धरले. पहिल्या बाटलीने लघवी भडक झाली, दुसरीने स्वच्छ. रंगारी पक्का भक्त झाला.

तो साक्षीला उठणार, तोच त्याची पुतणी गर्दीतून वाट काढत आली. ती रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि तिच्या हातात काकांचेच दोन पायजमे होते.

"काका, काकू रडकुंडीला आलीय. डाग धुऊन धुऊन हात दुखले तिचे. कशाचे आहेत, तुम्हीच सांगा."

"अगं, चारचौघांत पायजमे कसले नाचवतेस!"

पण डाग समोर आल्यावर रंगारी गप्प कसा बसेल? त्याने कापड खिडकीकडे धरलं, नखाने खरवडलं. महिन्यापूर्वीचा डाग तपकिरी पडला होता. बाटलीच्या दिवसांतला मात्र नारिंगी होता, कालच रंगवल्यासारखा.

"हा जुना डाग रक्ताचा," तो हळूच म्हणाला. "आणि हा रंग. पक्का रंग."

"लघवीची जळजळ कमी करायच्या गोळ्या असतात," पुतणी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "त्यांनी लघवी अशीच लालसर होते आणि कपड्यावर नारिंगी डाग पडतो. गोळी बंद केली की स्वच्छ. आमच्याकडे असे नमुने नेहमी येतात."

रंगारी तरातरा व्यासपीठावर चढला. पहिल्या बाटलीचे थेंब त्याने रुमालावर पाडले आणि पाण्यात खसाखसा चोळले. नारिंगी डाग हलला नाही. दुसऱ्या बाटलीने रुमाल नुसता ओला झाला; त्यात साधं पाणीच होतं.

"अहो, मग माझी लाल का झाली?" मागून एकजण ओरडला. "मी तर बायकोला सोबत म्हणून आलो होतो. तीर्थ म्हणून दोन थेंब घेतले!"

हॉल खदखदून हसला. बाबांनी मात्र शेवटचा डाव टाकला. "याचं रक्त थांबलं की नाही? बोल!"

लोक पुन्हा बाबांच्या बाजूने माना डोलावू लागले.

"थांबलं," पुतणी म्हणाली. "ते येतं, आपोआप थांबतं आणि पुन्हा येतं. रक्त थांबलं म्हणजे गाठ गेली, असं नसतं."

बाबांना ताबडतोब समाधी लागली, ती मागच्या दाराने बाहेर पडल्यावरच उतरली.

त्याच आठवड्यात रंगाऱ्याला भूल देऊन दुर्बीण घातली. गाठ होती. ती काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांनी समजावलं, "कर्करोगाची गाठ आहे. ग्रेड म्हणजे गाठीचा स्वभाव. तुमची तापट आहे, झपाट्याने वाढणारी. स्टेज म्हणजे ती किती आत गेली. तुमची मूत्राशयाच्या अस्तराखाली उतरलीय, पण स्नायूत शिरलेली नाही. अजून उपचारांना वाव आहे."

"आणि बाबांकडे घालवलेले तीन आठवडे?"

"ते तुम्ही वाया घालवलेत," डॉक्टर म्हणाले. "गाठीनं नाही."

रंगाऱ्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही. तेव्हा मंडळी, लघवीत रक्त एकदाच दिसलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी डॉक्टर गाठा. गाठीचा स्वभाव आपल्याला निवडता येत नाही. तिला किती दिवस मोकळं सोडायचं, हे मात्र आपणच ठरवतो.