दहाव्या पुस्तकाचा वाचक

वाचनालयाच्या ग्रंथपालाला सगळे सेनापती म्हणत. त्याने जन्मात कुणावर काठी उगारली नव्हती. तरुणपणी भरतीला गेला तेव्हा डॉक्टरने त्याचे तळवे पाहिले आणि पाय सपाट आहेत, घरी जा, असं सांगून वाटेला लावलं. तेव्हापासून लढायचं काम त्याने पुस्तकांवर सोपवलं. उजव्या हाताचं अख्खं कपाट युद्धांचं होतं. चारशे बारा पुस्तकं, अर्धा इतिहास, अर्ध्या कादंबऱ्या, आणि एकूण एक त्याला तोंडपाठ.

पुस्तक सुचवावं तर त्यानेच. माणूस उंबऱ्याशी बूट पुसतोय तोवर त्याला कुठली लढाई मानवेल ते हा ताडायचा. बायकोशी भांडून आलेल्याला तह, निवृत्त कारकुनाला रसद, घरजावयाला वेढा. वेढ्याची एक कादंबरी त्याने किराणावाल्याला दिली, तर तो पठ्ठ्या अकरा दिवस दुकान आतून लावून बसला आणि बाराव्या दिवशी खिडकीतून पांढरा टॉवेल हलवून शरण आला. ही गोष्ट सेनापती स्वतःच सांगायचा, तेव्हा अकराचे चार करून घ्यायला हरकत नाही.

नव्या वाचकासाठी मात्र त्याचा क्रम ठरलेला असे आणि त्यात तसूभर फरक होत नसे. आधी नऊ पुस्तकं जिंकण्याची. घोडदळाच्या कादंबरीने सुरुवात, मग खिंड अडवून धरलेल्या चाळीस जणांचा इतिहास, मग पाणबुडीची कादंबरी, असं चढत चढत नववं. नववं वाचून झालं की म्हातारासुद्धा ताठ चालत घरी जायचा. दहावं हरण्याचं. एका लष्करी कारकुनाने लिहिलेला सत्तर मैलांच्या माघारीचा इतिहास. त्यात ना तोफा, ना ललकाऱ्या. कुणाचा बूट कुठे फाटला, कोण कुठल्या झाडाखाली टेकला आणि उठलाच नाही, एवढंच. आधी गोडी लागू द्यावी, मग काढा पाजावा, असं सेनापतीचं म्हणणं.

शिंप्याचा थोरला नववं पुस्तक परत करून निघाला तो थेट भरतीच्या रांगेत उभा राहिला. दहावं त्याच्यासाठी बाजूला काढलेलं होतं, ते तसंच राहिलं. सात महिन्यांनी शिंप्याच्या घरी पोर गेल्याचं सरकारी पत्र आलं. कुठे, कसा, काही नाही. ‘माघारीच्या वेळी’ एवढे दोनच शब्द.

वाचनालय दुपारी एक ते तीन बंद असे. सेनापती आतून कडी लावून डबा खायचा आणि खुर्चीतच डुलकी काढायचा. पत्र आलं त्याच्या पुढच्या आठवड्यात तो डुलकीतून जागा झाला, तर दहावं पुस्तक खिडकीजवळच्या टेबलावर उघडं पडलेलं. पान अकरा. त्याने ते कपाटात ठेवलं, कुलूप घातलं, किल्ली मोज्यात खोचली. दुसऱ्या दिवशी पान सतरा. तिसऱ्या दिवशी बावीस. हळूहळू वाचत होता थोरला, बिचारा. पानाला हात लावावा तर ते कोमट लागे, नुकतंच कुणी बोट उचललंय असं. शेवटचं पान तेवढं कधी उघडत नसे. तिथवर आलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं. तीन वर्षं हे असं चाललं. सेनापतीने कुणापाशी चकार शब्द काढला नाही. ज्याच्या अकराचे लोक चार करतात, त्याने असलं काही सांगायचं कुणाला?

मग एके दिवशी, दार लावायची वेळ झाली असताना, शिंपी आला. गळ्यात टेप तशीच, मागे धाकटी लेक. तिनेही अर्ज भरला होता आणि आठ दिवसांनी हजर व्हायचं होतं. आई रडून थकली, मामा समजावून थकला, मावशीने एक स्थळसुद्धा आणून पाहिलं. शिंप्याने हे सगळं खाली बघत सांगितलं. मग म्हणाला, “माझं ती ऐकत नाही, सेनापती. पुस्तकांचं ऐकतात आमच्या घरात. असं एखादं द्या की पोर घरी राहील.”

“काका, मला दादाचीच द्या,” ती म्हणाली. “त्याच क्रमाने.”

सेनापतीने चष्मा पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला. तीन वर्षं जे मनात दाबून ठेवलं होतं ते त्या बापलेकीपुढे एकदाचं बाहेर आलं. “क्रम माझा होता. नऊ मी त्याला दिली आणि दहावं मागे ठेवलं. दहावं आधी दिलं असतं तर कदाचित तो तुमच्या मशीनवर बसला असता.”

शिंप्याने गळ्यातली टेप काढली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाला, तेच द्या हिला.

पुस्तकावर तारखेचा शिक्का पडला आणि ते लेकीच्या पिशवीतून घरी गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा टेबलावर. तिने परत नेलं, परत आलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच एक वाजता येऊन दारात उभी राहिली. पुस्तक घरी राहत नसेल तर मी इथे येते, म्हणाली. सेनापतीला खरं काय ते सांगणं भाग पडलं. ती घाबरेल असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, कुठल्या खुर्चीत बसतो?

तिने शेजारची खुर्ची ओढली आणि वाचायला लागली. सेनापती डबा न उघडता कोपऱ्यात बसून राहिला. खिडकी बंद, पंखा बंद. तिची नजर पानाच्या मध्यावर असेल नसेल, तेवढ्यात पान आपलं आपण उलटलं. 

“थांब रे,” ती मान वर न करता म्हणाली. “माझं व्हायचंय अजून.”

पान मागे आलं.

लहानपणी दोघं एकाच पुस्तकावर डोकी घालून वाचत आणि तो असाच आधी उलटायचा, यावरून मारामाऱ्या होत, एकदा तर पुस्तकाचे दोन तुकडे झाले, असं तिने नंतर सांगितलं. पुढच्या दुपारी एक पान तिचं व्हायला आलं तरी हललं नाही. झाडाखाली टेकलेल्या एका जवानाचं पान होतं ते. तिने वाट पाहिली, मग स्वतः उलटलं.

सातव्या दिवशी दुपारी शेवटचं पान आलं. माघारीच्या वाटेवरचा शेवटचा पूल ओलांडता न आलेल्यांची यादी, कारकुनाने गावांसकट लिहिलेली. शेजारची खुर्ची करकरत मागे सरली. तो उठून चालला होता. लेकीने रिकाम्या जागी हात धरला, सेनापतीने हे डोळ्यांनी पाहिलं, आणि ती सगळी नावं सावकाश, मोठ्याने वाचत गेली. शेवटी तिने भावाचंही नाव वाचलं, छापलेलं नव्हतं तरी. खुर्ची पुन्हा हलली नाही.

आठव्या दिवशी ती गेली. जाताना वाचनालयात डोकावली. सेनापती तिच्याकडे बघेना, तेव्हा तीच बोलली. “दादा न घाबरता गेला होता, काका. मी घाबरून चाललेय. घाबरलेला माणूस आजूबाजूला बघतो.”

दुसऱ्या दिवशी बरोबर एक वाजता शिंपी आला. सेनापतीला वाटलं, आता हा बोलणार, आणि बोलावंच त्याने. शिंपी लेकीच्या खुर्चीत बसला. मशीनशिवाय हात कुठे ठेवावे ते त्याला कळत नव्हतं. दहावंही फुकट गेलं, असं सेनापती कसंबसं पुटपुटला. शिंप्याने मान हलवली. जायच्या आदल्या रात्री तिने आईपाशी बसून मनसोक्त रडून घेतलं, थोरल्याने तेवढंही केलं नव्हतं, एवढंच म्हणाला.

मग कपाटाकडे वळला.

“आता मला एक सुचवा,” तो म्हणाला. “लढाईचंच. पण गेलेलं माणूस धडधाकट घरी येतं, हातपाय धुतं आणि जेवायला बसतं, असं.”

 चारशे बारा पुस्तकं सेनापतीने मनातल्या मनात उलटून पाहिली. जिंकलेले राजे होते, पुतळे झालेले सरदार होते, हरवलेल्या पलटणी होत्या. ताटावर बसलेलं कुणी आठवेना. पण एवढ्या पुस्तकांत एखादी ओळ नजरेतून सुटली असेलही. तो स्टूल घेऊन उठला आणि सगळ्यात वरच्या खणातलं, डावीकडचं पहिलं पुस्तक काढून पान एकपासून बघायला लागला.

दुसरं काढायला हात घातला तेव्हा खाली, अगदी उजवीकडे, चारशे बारावं पुस्तक खणातून अलगद सरकलं, आणि त्याचीही पानं एकेक करून उलटायला लागली.