एकही ओरखडा नाही

मी ओगराळं बोलतोय. स्टीलचं, लांब दांड्याचं, पिंपातून पाणी काढायचं. माझं घराणं काही मोठं नाही. कारखान्यातल्या मशीनने एका दणक्यात माझी वाटी ठोकली, दांडा जोडला, टोकाला आकडा वळवला आणि मला खोक्यात टाकलं.

खोकं उघडलं ते आरोग्य संशोधन करणाऱ्या ताईंनी. वस्तीतल्या लहान मुलांना सारखे जुलाब का होतात, हे त्या शोधत होत्या. नळाचं पाणी तपासलं तर चांगलं निघालं. घरातल्या पिंपातलं मात्र खराब. येता-जाता जो तो पेला बुडवणार आणि पेल्याबरोबर बोटंही. म्हणून त्यांनी निम्म्या घरांत आम्हाला वाटलं. फरक पडतो का ते बघून उरलेल्यांना द्यायचं ठरलं.

मी गेलो त्या घरात आजी, सून आणि नुकती चालायला लागलेली नात. तिला सगळे मुंगी म्हणत. आजीने मला उलटसुलट करून पाहिलं. "किती छान आहे गं. रोज वापरलं तर वाट लागेल याची."

झालं. मला खिळ्याला टांगलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझ्या वाट्याला त्यातला एकही आला नाही. ताई यायच्या दिवशी मला पिंपावर ठेवायचं, त्या गेल्या की पुन्हा खिळा.

मग मुंगीला जुलाब सुरू झाले. डोळे खोल गेले, रडायचंही त्राण उरलं नाही. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. मी भिंतीवर लखलखत होतो आणि मला त्या लखलखाटाची लाज वाटत होती.

मुंगी घरी आली, पाठोपाठ ताई आल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "आजी, ओगराळी दिलेल्या घरांतही जुलाब तेवढेच आहेत. याचा उपयोग नाही असंच म्हणावं लागेल. उरलेल्या घरांना आता देणार नाही आम्ही."

आजीला ते लागलं. "अहो, वस्तूला नावं ठेवू नका. बघा, कालच आणल्यासारखं आहे. एकही ओरखडा नाही." तिने मला ताईंच्या हातात दिलं आणि सवयीने पिंपात पेला बुडवला. "बसा, पाणी घ्या."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे. आजीची बोटं अजून पाण्यातच होती.

"आई, सांगून टाकू या," सून म्हणाली. "ताई, आम्ही हे वापरतच नाही. शेजारीपाजारीही नाही वापरत. चांगलं आहे ना, म्हणून."

आजीने झटकन बोटं पाण्याबाहेर काढली. "म्हणजे मुंगीला मीच पाजलं की काय ते?"

"कुणी मुद्दाम करतं का, आजी? हे खराब व्हायलाच दिलंय. झालं की दुसरं देते."

आता माझा दांडा वाकलाय, वाटीला पोचे पडलेत. ताईंनी पाहणी पहिल्यापासून सुरू केली आहे. आजी शेजारी डोकावते आणि कुणाचं ओगराळं चकचकीत दिसलं की तिथेच त्यांची खरडपट्टी काढते. तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद भिंतीवर चमकत असेल, तर कृपा करून त्याला खाली काढा. त्याला झिजू द्या.

मुंगी आता पिंपाशी येते, आपला पेला पुढे धरते आणि माझी वाट बघत उभी राहते.