महिलांसाठी प्रतिकूल

आमच्या शाळेत पाच शिक्षक, त्यांतल्या चौघी बायका. एकटे ओमकार सर पुरुष. घाईघाईत मुलं त्यांनाही ‘बाई’ म्हणून हाक मारतात आणि तेही बिचारे ओ देतात. गावाला या वाटणीचं काही वाटत नाही. लहान पोरांना शिकवणं हे बायकांचं काम, असं गावाने केव्हाच ठरवून टाकलंय. आणि खरं सांगायचं तर सहावी-सातवीच्या मुली शाळेत टिकतात त्या आम्ही बायका आहोत म्हणूनच. वर्गात पाळी आली तर मुलगी कुणाला सांगणार? ओमकार सरांना?

आता हे सगळंच जाणार होतं.

वळ गावाच्या फाट्यावर रिक्षा सोडली की शाळेपर्यंत गोदामांच्या भिंतीकडेने चालत यावं लागतं. तिथल्या एका गेटाशी दोघांनी यामिनीची वाट अडवली, तिची ओढणी ओढली. यामिनी आमच्यातली सगळ्यात लहान, नोकरीला लागून तिसरंच वर्ष. ती रडत बसली नाही. तिने आमच्या तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाकडे रीतसर लेखी तक्रार केली. त्यानंतरही ते दोघे त्याच गेटाशी तंबाखू मळत उभे असायचे. कार्यालयाने मात्र भलतीच तत्परता दाखवली. आमची शाळा ‘महिलांसाठी प्रतिकूल’ ठरवायचा प्रस्ताव तयार केला. म्हणजे आम्हा चौघींची बदली, आणि यापुढे इथे फक्त पुरुष शिक्षक. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गाव यामिनीवर उखडलं. खोटं कशाला बोलू, मीही उखडले होते. शाळेचा कारभार माझ्याकडे. दारोदार फिरून, आयांशी भांडून एकेक मुलगी मी शाळेत आणलेली. ते सगळं हिच्या एका कागदापायी पाण्यात जाणार? दोन दिवस मी तिच्या मागे लागले होते की बाई गं, घे ती तक्रार मागे.

गुरुवारी विस्तार अधिकारी केसरीनाथ साहेब आले. सातवीच्या वर्गात बाकांवर आया बसल्या होत्या, मुली खिडकीशी दाटीने उभ्या होत्या. आम्ही चौघी शिक्षिकाही तिथेच होतो. साहेब तसे सज्जन माणूस. आवाजही कधी चढवत नाहीत.

“मॅडम, तुमच्या काळजीपोटीच सांगतो,” ते यामिनीला म्हणाले. “तक्रार राहिली तर प्रस्ताव आजच वर जाईल. मागे घेतलीत तर गैरसमज झाला होता असं मी लिहितो. शाळा आहे तशी राहील.”

“गैरसमज झाला नव्हता, साहेब.”

पुढच्या बाकावरून कमळा उठली. तिची हर्षाली सहावीत आहे. “बाई, पाया परते तुमच्या,” ती यामिनीला म्हणाली. “तो अर्ज मागं घ्या. सगले पुरुष मास्तर आले तर मी माजी पोर घरान बसवीन. मी एकलीच न्हाय, सगल्याच बसवतील.”

बाकीच्या आया माना डोलवू लागल्या. यामिनीने माझ्याकडे बघितलं. मी कागद तिच्यापुढे सरकवला. तक्रार मागे घेत असल्याचा मजकूर मीच लिहून ठेवला होता, फक्त तिची सही हवी होती. तिने पेन उचललं तेव्हा मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

तिने पेन हातातच धरून ठेवलं.

“साहेब, आमची बदली तुम्ही कराल,” ती म्हणाली. “या मुली रोज त्याच गेटावरून येतात. त्यांची बदली कुठे करणार?”

कमळा खिडकीकडे वळली.

“हर्षाली, तुला कोन काय करतं क त्या गेटावं?”

हर्षाली आईकडे बघेना. ती यामिनीकडे बघत होती. यामिनीने तिला खुणावलं नाही, काही नाही, नुसती नजर धरून उभी राहिली.

“बोल ना गो.”

“दिवालीपासून,” हर्षाली म्हणाली.

“मंग मना का न्हाय सांगलंस?”

“तू माजी शाला बंद केली असतीस.”

कमळा पुन्हा बाकावर बसली. सगळ्यांदेखत तिने स्वतःच्या तोंडाने नुकतंच तेच सांगितलं होतं. पदराने तोंड पुसून ती साहेबांना म्हणाली, “लिवा साहेब. माजे पोरीचाबी नाव लिवा.”

“तिचं नको,” मी म्हणाले. “लहान आहे ती. तिच्या जागी माझं लिहा.”

यामिनीने वळून बघितलं. “माधवी मॅडम?”

“गेल्या वर्षी. त्याच गेटाशी.”

“आणि तरी तुम्ही दोन दिवस मला...”

काय सांगणार होते मी तिला? पन्नाशीला टेकलेली, मुलांना ऊठसूट खरं बोलायला सांगणारी बाई मी. आणि माझ्यापाशी उत्तर होतं ते त्या सहावीतल्या मुलीचंच. बोलले असते तर शाळा गेली असती.

“मॅडम, नीट विचार करा,” साहेब मला म्हणाले. “एका तक्रारीच्या दोन झाल्या तर ही शाळा प्रतिकूल ठरल्यातच जमा.”

“तीन,” दाराशी उभी असलेली सुचेता म्हणाली. ती तिसरीला शिकवते. नाकासमोर चालणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मी लिहिलेला कागद साहेबांनी उचलला आणि बाजूला ठेवला. कोरा कागद पुढे ओढून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“ते दोघे कोण?” त्यांनी विचारलं. “गेट कुठल्या गोदामाचं?”

तक्रार आली त्याच दिवशी हे विचारायला हवं होतं. आम्ही सांगायला लागलो तेव्हा चौघीही एकदमच बोलत होतो.