केरबांचा होकार

मुलांना धर्म शिकवावा तो फिलोमिनाबाईंनीच, असं कोल्हापुरातल्या त्यांच्या चर्चमध्ये सगळे म्हणत. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की मागच्या खोलीत पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदाच ख्रिस्तप्रसाद घेणार असलेली, पोरं जमायची आणि बाई सुरू व्हायच्या. कृपा आधी देवाची, पण होकार आपला. येशूची आई होशील का, म्हणून देवदूत मरियेपुढं थांबला, तिनं होय म्हणेपर्यंत थांबला. तिच्या तोंडात त्यानं शब्द कोंबला नाही. हे सांगताना बाईंचा आवाज असा लागायचा, की पोरांना न्यायला आलेले आईबापही दारात ऐकत उभे राहायचे.

आणि याच बाईंनी स्वतःच्या नवऱ्याचं काय केलं, ते ऐका.

बाई आजऱ्याच्या बार्देस्करांच्या, जन्माच्या कॅथलिक. नवरा केरबा कसबा बावड्याचा शेतकरी, जोतिबाला जाणारा. बिशपांची परवानगी काढून चर्चमध्ये लग्न लागलं, तेव्हाच धर्म बदलण्याबद्दल केरबांनी सांगून टाकलं होतं, "मला वाटलं तर मीच बोलीन. मागं लागायचं न्हाय." पुढं दर रविवारी ते बाईंना गाडीवरून आणायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, सगळे उठले की उठायचे. कम्युनियनच्या रांगेत तेवढे जायचे नाहीत. बाई मागं लागल्या नाहीत, हे खरं. आता नवऱ्याच्या चहात आशीर्वादित पाणी टाकायचं, उशीच्या अभ्र्यात मरियेचं मेडल शिवायचं, याला मागं लागणं म्हणतात की नाही, ते तुम्हीच ठरवा.

मग एके दिवशी केरबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. आयसीयूतले डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. दुपारी भेटायच्या वेळेला बाई एकट्याच आत गेल्या. डोळे मिटून पडलेल्या नवऱ्याकडं बघून त्यांच्या मनात आलं, हा माणूस असाच, बाप्तिस्म्याशिवाय गेला तर? मरणाच्या दारात कुणीही कुणाला बाप्तिस्मा देऊ शकतं, हे बाई पोरांना शिकवत. जाणत्या माणसाची स्वतःची इच्छा लागते, हेही शिकवत. ते मात्र त्या घटकेला सोयीस्कर विसरल्या. नर्सची पाठ वळताच बाटलीच्या टोपणातलं पाणी नवऱ्याच्या कपाळावर ओतून त्या पुटपुटल्या, "केरबा योसेफ, मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते." नावसुद्धा ठरवून आल्या होत्या, म्हणजे बघा! पदरानं कपाळ पुसून बाहेर आल्या तेव्हा त्यांना लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं.

केरबा वाचले. घरी आले, हळूहळू बोलायलाही लागले. बाई पुन्हा शिकवायला गेल्या, तर पहिल्याच रविवारी एका मुलीनं विचारलं, "टीचर, मरिया नाही म्हणाली असती तर?"

"तर देवानं ते ऐकलं असतं," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. आपल्या नवऱ्याला आपण देवानं मरियेला दिली तेवढीही मोकळीक दिली नाही! त्या दिवशी त्यांनी पोरांना लवकर सोडलं आणि थेट पापनिवेदनाला जाऊन बसल्या.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, तो बाप्तिस्मा झालाच नाही. त्यांची इच्छा नसताना ते नुसतं पाणी. आणि तुम्ही ओतलं नसतं, तर देवाचे हात बांधले गेले असते, असं वाटलं तुम्हाला?"

बाई उठायला लागल्या, तसं फादरांनी त्यांना थांबवलं.

"त्यांना सांगा. मला सांगून भागणार नाही."

घरी आल्यावर केरबांच्या लुळ्या हाताला तेल चोळता चोळता बाईंनी सांगितलं. 

"ठावं हाय मला," केरबा म्हणाले. बोलणं अजून जड होतं. "डोळा उघडत नव्हता, जीभ हलत नव्हती, पर ऐकू येत हुतं. थांब, थांब म्हणून आतल्या आत वरडत हुतो मी."

"मग इतके दिवस बोलला का न्हाईसा?"

"तू कवा सांगतीस ते बघत हुतो."

म्हणजे इतके दिवस हा माणूस आपल्या हातून घास खात होता, आणि गप्प होता. लाजेनं बाईंना तिथून उठून जावंसं वाटलं.

"वाईट चिंतलं न्हाईस माझं, कळतंय," केरबा म्हणाले. "पर चर्चात मागं बसून माझं मी बघत हुतो की. तेवढं तरी माझं हुतं. आता इचार मला."

"काय?"

"कवाच इचारलं न्हाईस ते."

खरंच होतं. देवाला साकडं घातलं, फादरांच्या मागं लागल्या, पण ज्याचा होकार हवा त्याला बाईंनी कधी विचारलंच नव्हतं. विचारलं की तो नाहीही म्हणू शकतो, ही भीती.

"तुमाला... बाप्तिस्मा घ्यायचा हाय का?"

 वाकडं झालेलं तोंड जुळवून केरबांनी स्पष्ट सांगितलं, "न्हाय."

"बरं," बाई म्हणाल्या आणि तेल चोळू लागल्या. आणि चोळता चोळताच मन पुढं पळालं: आज नाही म्हणाले, ईस्टरच्या सुमाराला पुन्हा विचारावं का? तेव्हा मऊ झालेले असतील. स्वतःचं मन असं रंगेहाथ सापडल्यावर त्यांचा हात थांबला.

"काय झालं?" केरबांनी विचारलं.

बाईंना मान वर करवेना.

"तुमीच मागणं मागा वो देवाकडं माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "मला तुमच्या 'न्हाय'ला नुसतं 'बरं' म्हणायला बी जमंना झालंय."