कोण कुणाच्या हाताखाली

कामगार अधिकारी म्हणून मला एकोणतीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत एकच नाटक मी शेकडो वेळा पाहिलं आहे. मालक म्हणतो, हा माझा नोकर नाही, स्वतंत्र कारागीर आहे, येतो, काम करतो, जातो. समोरचा म्हणतो, मी नोकरच आहे, सकाळी दहा मिनिटं उशीर झाला तर शिव्या खातो. कुणाला इजा झालेली असली की हे नाटक आणखी रंगतं, कारण नोकराच्या इजेची भरपाई मालकाने द्यायची असते आणि स्वतंत्र कारागिराचं दुखणं त्याचं त्याने निस्तरायचं असतं. मी दोघांचं ऐकून घेतो, माझे पाच प्रश्न विचारतो आणि फॉर्मवर योग्य त्या चौकटीत खूण करतो. जिंजा गावात माझ्या या पाच प्रश्नांना लोक वचकून असतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

म्हणून बालिकोवा शिंप्याचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. बाजारामागच्या गल्लीत त्याचं गोमेसी, म्हणजे आमच्याकडच्या बायकांचे सणासमारंभाचे पायघोळ झगे, शिवायचं दुकान आहे. पत्रात त्याने तक्रार केली होती ती स्वतःविरुद्ध. माझ्या दुकानात काम करणाऱ्या कागोया नावाच्या बाईची दोन बोटं मशीनच्या सुईखाली गेली, मी तिचा मालक आहे, कायद्याप्रमाणे मी अजून काहीही केलेलं नाही, तरी साहेबांनी येऊन मला भाग पाडावं. खाली सही आणि दुकानाचा शिक्का. असा मालक मी जन्मात पाहिला नव्हता. यात काहीतरी लबाडी असणार, असं मी धरूनच चाललो.

गुरुवारी सकाळी गेलो. दुकान लहानसंच, दोन मशीनं, एक कापायचं टेबल आणि भिंतीला टांगलेल्या झगमगत्या गोमेसी, खांद्यांची टोकं ताठ उभी राहिलेल्या. बालिकोवा सत्तरीकडे झुकलेला, काटकुळा, गळ्यात टेप. कागोया पंचावन्नच्या आसपासची, अंगाने भरलेली. तिने रीतीप्रमाणे गुडघे टेकून मला नमस्कार केला, माझ्या घरच्यांची, पोराबाळांची, घराकडच्या गुरांची सावकाश चौकशी केली, उठून उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही उगाच पायपीट केलीत. मी कुणाची नोकर नाही."

"आहे," बालिकोवा म्हणाला.

"तू गप्प बस. साहेब माझ्याशी बोलतायत."

तिच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं काडीसारखी सरळ राहिली होती, ती वाकत नव्हती. कसं झालं ते मी विचारलं. वीज गेली होती, ती सुईत दोरा ओवत होती, पाय नकळत मशीनच्या पायडलवर राहिला होता आणि अचानक वीज आली. मशीनला मोटर बसवायची हौस बालिकोवाची. पुढे बोटांत पू झाला, दवाखान्यात आठ आठवडे पट्ट्या बांधल्या, आणि गेल्या आठवड्यात डॉक्टरने सांगितलं की बोटं आता अशीच राहतील. म्हणून शनिवारच्या गाडीने ती कामुलीला भावाकडे चालली होती, कायमची.

मी फॉर्म काढला आणि पाच प्रश्नांना सुरुवात केली.

कामाची वेळ कोण ठरवतं? मी ठरवतो, ठीक आठ, असं बालिकोवा म्हणाला. कागोयाने सांगितलं की आठला हा बाबा अंथरुणात असतो, किल्ली तिच्याकडे असते. हत्यारं कुणाची? मशीन माझं, कात्रीही माझ्याच पैशाची, इति बालिकोवा. तिने पिशवीतून कापडात गुंडाळलेली कात्री काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवली. नाताळात दिलीस ना, मग ती माझी झाली, दिलेल्या भेटीवर मालकी सांगतोस होय, असं तिने त्याला सुनावलं. काम नाकारता येतं का? येतं, ती म्हणाली, आणि पोलीस साहेबांच्या बायकोला दुकानातून कसं परत पाठवलं ते तिने रंगवून सांगितलं. त्यावर बालिकोवा म्हणाला की त्याबद्दल मी तिला फार रागावलो होतो. तो फार रागावलेला कसा दिसत असेल, याचा मी विचार करत बसलो.

बाहेर दुसऱ्या कुणाचं काम करता का, हा चौथा प्रश्न. पुष्कळांचं करते, असं ती तोऱ्यात म्हणाली. मी नावं मागितली. ती जरा घुटमळली, मग तिला भावजय आठवली.

मी डोकं धरलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच मालक म्हणत होता, मला बांधा, आणि कामगार म्हणत होता, याला सोडा. दोघंही स्वतःचंच नुकसान करून घ्यायला एवढे उतावीळ की मला कुणाला धमकावावं ते कळेना. कागोयाला मी बाहेरच्या बाकावर नेलं आणि खरं काय ते विचारलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. तुम्ही मला नोकर लिहिलंत की हा मशीन विकून माझी भरपाई करणार, ती म्हणाली, त्याच्याकडे विकायला दुसरं आहे काय? आणि सुईत दोरासुद्धा ओवता न येणाऱ्या बाईने रोज इथे येऊन त्याचं खायचं, हे तिला जमणार नव्हतं. नातंबितं काही आहे का, असंही मी विचारलं, कारण घरच्या माणसाची फॉर्मवर वेगळी चौकट असते. ती म्हणाली, नाही. त्याची बायको वारली तेव्हा मी तिचं कफन शिवलं, तेवढंच.

आत आलो तर बालिकोवाने भाजलेलं रताळं सोलून, तुकडे करून एका ताटलीत ठेवलं होतं. ताटली त्याने तिच्या डाव्या हाताशी सरकवली. ती खाऊ लागली. मी पाहतोय हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

पाचवा प्रश्न माझा हुकमी. तुम्हाला येता आलं नाही तर बदली माणूस पाठवता येतो का? स्वतंत्र कारागीर असेल तर तो खुशाल दुसऱ्याला पाठवतो, काम झाल्याशी मतलब. या प्रश्नावर भलेभले अडकतात. इथे दोघांचीही नजर दुसऱ्या मशीनकडे गेली. मीही तिकडे पाहिलं. त्यावर चादर घातलेली होती आणि त्याच्यापुढची खुर्ची रिकामी होती. जिंजात शिवणकाम येणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. आठ आठवड्यांत त्या खुर्चीवर कुणीच बसलं नव्हतं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. नवऱ्या मुलीची आत्या, शनिवारी घरी पाहुणे यायचे होते, गोमेसी अंगावर घालून बघायची होती. मी कोपऱ्यात सरकलो. कागोया स्टुलावर बसली आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडू लागली. डावा खांदा अंगठाभर खाली घे. खाली म्हटलं, मागे नाही. बाईंचा उजवा खांदा उतरता आहे, दिसत नाही का तुला? बालिकोवा तोंडात टाचण्या धरून वर-खाली करत होता, मुकाट्याने ऐकत होता. आत्याबाई आरशात बघून खूश झाल्या आणि गेल्या.

मी फॉर्मकडे पाहिलं. हुकूम कोण देतं आणि ऐकतं कोण, यावरून मालक ठरवायचा, असं मी नव्या पोरांना शिकवतो. त्या हिशेबाने बालिकोवा हा कागोयाच्या हाताखालचा नोकर होता, आणि तोही जरा मंद.

मी त्याला बाजूला घेतलं आणि चिडूनच विचारलं, बाबा रे, स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घ्यायची एवढी घाई का? तो टेप बोटाला गुंडाळू लागला.

"साहेब, स्वतंत्र असली तर शनिवारी उठून जाईल," तो म्हणाला. "नोकर असली तर तिला राजीनामा द्यावा लागेल ना? तो मी घेणार नाही."

म्हणजे यासाठी ते पत्र होतं. मी त्याला समजावलं की कायद्यात असं काही नाही, नोकरसुद्धा हवा तेव्हा जाऊ शकतो, मालकाने राजीनामा घेतला काय न घेतला काय. त्याचं तोंड एवढंसं झालं. माझ्या नोकरीत मी पुष्कळांना वाईट बातम्या दिल्या आहेत, पण इतकं वाईट मला क्वचितच वाटलं.

कागोया दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"माझा काय उपयोग आहे तुला?" तिने विचारलं. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "दोरा ओवता येत नाही मला."

बालिकोवा माझ्याकडे बघूनच बोलला, तिच्याकडे बघायची त्याला हिंमत नव्हती. "आठ आठवडे मी दुकान उघडतोय. मशीन चालतं. पण वाकडं झालं म्हणून सांगायला कुणी नाही. मी शिवतो, बघतो, मला सगळं सरळच दिसतं. गिऱ्हाइकं कपडे परत आणतात. आणि दुपारी चहा दोघांचा होतो, सवयीने."

कागोया आत गेली, परत आलेल्या गोमेसींचा ढीग कुठे आहे ते तिने शोधून काढलं, एक उचलली, डाव्या हाताने उजेडात धरली. मग दुसरी, मग तिसरी. तिचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर संतापच जास्त होता.

"अरे देवा, हे काय शिवलंयस? सगळ्या उसव. आजच."

मी घसा साफ केला. आमच्या फॉर्मवर अगदी तळाला एक चौकट आहे, भागीदाराची. मी ती आजवर कधी वापरली नव्हती, कारण तसे लोक माझ्यापर्यंत येतच नाहीत. मी दोघांना समजावून सांगितलं. भागीदार नोकर नसतो आणि कंत्राटी कारागीरही नसतो. दुकान दोघांचं, मशीन दोघांचं, झालेलं नुकसानही दोघांचं. कुणी कुणाला भरपाई द्यायची नाही, म्हणून मशीन विकायचं कारण नाही. आणि भागीदाराला दोरा ओवता आलाच पाहिजे, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

"भागीदाराला सोडून जाता येतं का?" बालिकोवाने विचारलं. त्याचं सगळं लक्ष तेवढ्यावरच होतं.

"येतं. पण आधी दोघांनी बसून सगळं मिटवावं लागतं."

"याच्याबरोबर बसून?" कागोया म्हणाली. "चहात आलं घालायचं की नाही, ते आमचं अजून मिटलेलं नाही."

मग तिने फॉर्म मागितला. उजव्या हाताने पेन धरता येईना, म्हणून अंगठा दिला, आणि तो नीट उमटला नाही म्हणून पुन्हा दिला. बालिकोवाने सही केली. शेवटची ओळ राहिली होती, भागीदारी केव्हापासून. मी आजची तारीख लिहायला घेतली.

"आजची नको," बालिकोवा म्हणाला.

"मग कधीची?"

"सतरा जून. मंगळवार होता. बावीस वर्षं झाली." त्याला आठवावंही लागलं नाही. "दुपारी तीनच्या सुमारास ती आली. अंगावर हिरवी गोमेसी होती. काम आहे का म्हणून विचारायला आली होती."

कागोया त्याच्याकडे बघतच राहिली. तिला स्वतःला ती तारीख माहीत नव्हती. तिने चांगला हात तोंडावर धरला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आम्ही दोघं पुरुष जमिनीकडे बघत बसलो.

मी तीच तारीख लिहिली. महिन्याभराने वरच्या ऑफिसातून फॉर्म परत आला, लाल शाईत शेरा मारून: तारखेत चूक दिसते, वर्ष तपासून पाहावे. मी त्याखाली लिहिलं, तपासलं, तारीख बरोबर आहे, आणि शिक्का मारून परत पाठवला.