एलिएसेरच्या छातीवर

एलिएसेर बोगोटाच्या घाऊक बाजारात बटाट्याची पोती वाहायचा. पन्नास किलोचं पोतं तो हसत उचले. पण सातव्या महिन्यातच जन्मलेली अकराशे ग्रॅमची लेक साराय काचेच्या पेटीत दिसली आणि त्याचे हात खिशातून बाहेर येईनात.

तिच्या नाकात बारीक नळ्या होत्या. त्यांतली हवा पाण्याच्या बाटलीत बुडबुडत होती. त्या दाबानेच तिची फुप्फुसं उघडी राहत होती. तरी दर श्वासाला इवल्याशा छातीला खड्डा पडे. पडद्यावर प्राणवायूचा आकडा होता शहाऐंशी.

"बघा हं, बाबा," रोस्मिरा नर्स म्हणाली. तिने लेकीला अलगद पालथं केलं, गुडघे पोटाशी घेतले, मान एका बाजूला वळवली. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव. चौऱ्याण्णव.

"औषध दिलंत?"

"कसलं औषध! उताणी असली की मऊ बरगड्या आत ओढल्या जातात. पालथी टेकली की छातीला आधार मिळतो. पण हे इथेच, आमच्या डोळ्यांसमोर. घरी पाळण्यात उताणीच निजवायची."

एलिएसेर त्या आकड्याकडे बघतच राहिला. यंत्र तेच, हवा तीच.

"आता शर्ट काढा. तुमची बायको निदिया तापाने पडलीय, ऊब तुम्ही द्यायची."

"मी? हे हात बघा, बाई. चुरगळेल ती!"

"हात कोण मागतंय? छाती हवीय. आणि आधी साबणाने धुऊन या, बाजाराचा वास येतोय."

तिने लेकीला त्याच्या उघड्या छातीवर उभं टेकवलं, पाय बेडकासारखे दुमडले आणि वरून रुंद पट्टा बांधला. थोड्या वेळाने यंत्र किंचाळलं.

"हनुवटी खाली गेलीय, श्वासाची वाट दुमडते," म्हणत रोस्मिराने एका बोटाने ती वर केली. आकडा परत चढला.

मग त्याला ते जाणवलं. त्याच्या एका श्वासात तिचे तीन श्वास, पाखराच्या पंखासारखे, थेट त्याच्या कातडीवर. एवढीशी ती, पण श्वास घ्यायचं विसरत नव्हती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि पुसायला हात हलवायची त्याची हिंमत होईना.

चौथ्या दिवशी निदियाचा ताप उतरला. ती चाकाच्या खुर्चीतून आली. "द्या आता इकडे."

"थांब गं, आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"एलिएसेर!"

त्याने नाइलाजाने पट्टा सोडला. बाराव्या दिवशी सारायच्या नाकातल्या नळ्या निघाल्या.