आणणाऱ्याचं नाव

शुक्रवारी सकाळी हिवरमळ्यात घरोघर आमदारांचं पत्रक पडलं. इस्लामपूरपासून अर्ध्या तासावरची ही उसाची वाडी. आमदार वीरधवलदादा दर महिन्याला चार पानांचं पत्रक काढायचे आणि त्याच दिवशी वाडीत येऊन तेच पत्रक माइकवर वाचून दाखवायचे. लोकांना वाचता येत नव्हतं असं नाही. दादांना आपला आवाज फार गोड वाटायचा, एवढंच.

राहीबाईंना मात्र खरंच वाचता येत नव्हतं. त्या सोप्यात बसून सुनेला म्हणाल्या, "वाच की गं. काय म्हणतोय आमदार?"

राजेश्वरीनं पिठाचे हात पुसले. दुसरीतल्या लेकीच्या पाटीवर ती अक्षरं शिकली होती, आता घरातलं सगळं वाचन तिच्याकडेच असायचं. पहिल्या पानावर दादा मुंबईत पोलिसांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या समितीवर बसल्याचा फोटो होता. दुसऱ्या पानावर शिरवळपासून इस्लामपूरपर्यंत परप्रांतीयांचे लोंढे वाढल्याची काळजी होती. म्हणून गावोगाव सुरक्षा समिती नेमली होती. बाहेरून आलेल्या प्रत्येकानं फॉर्म भरायचा होता. त्यात खरं नाव, मूळ गाव, येतानाचं वय आणि आणणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. शेवटच्या पानावर स्थानिक वार्ता होती. अकरा गरीब तरुणांचे संसार उभे केल्याबद्दल समाजसेवक नाथाजींचा आज दादांच्या हस्ते सत्कार होता. सुरक्षा समितीचे अध्यक्षही नाथाजीच होते.

राहीबाई खुदखुदल्या. "आपल्या घरात तर परप्रांत चुलीम्होरंच बसलाय! तुजा बी फॉर्म भरू काय गं?"

राजेश्वरी हसली नाही. पत्रकाची घडी घालून ती परत चुलीपुढे बसली, पण भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

ते अकरा संसार कसे उभे राहिले, हे वाडीत पाळण्यातलं पोरही सांगेल. तीस-पस्तीस वर्षं इथे पोरगे जन्माला येत होते, पोरींना येऊ दिलं जात नव्हतं. मुलाच्या, मल्हारच्या पाठीवर राहीबाई स्वतः दोनदा गाडी करून तालुक्याबाहेरच्या दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. मग पोरग्यांनी तिशी ओलांडली आणि वाडीला सुना मिळेनात. करावं तसं भरावं म्हणतात. इथे केलं वाडीनं आणि भरलं दूरदेशच्या लेकींनी. पुण्यात कारखान्यात काम देतो म्हणून नाथाजी त्यांना आगगाडीत बसवायचा आणि एका दुभत्या म्हशीच्या मोलात वाडीतल्या एखाद्या दारात उतरवायचा.

राजेश्वरी तशीच आली, ओडिशातून, सतराव्या वर्षी. तिचं खरं नाव सुकांती. हळद लागली त्याच दिवशी नाव बदललं, कारण सासूला ते उच्चारता येईना. आठ वर्षं सगळं घर तिच्या हातचं जेवत होतं, पण देवाचा नैवेद्य राहीबाई स्वतः करायच्या. का, तर सुनेची जात ठाऊक नाही! विकत घेताना ती कुणी विचारली नव्हती.

हे सगळं तिनं गिळलं होतं. पण आदल्या दिवशी मल्हारच्या फोनवर तिच्या आईचा फोन आला. आई आनंदात होती. धाकटी मिनी, पंधरा वर्षांची, नाथाजीच्या बहिणीबरोबर कालच गाडीत बसली होती. "तूच बोलावलंस ना तिला, तुझ्याजवळ ठेवून कारखान्यात लावायला? नाथाजीबाबू म्हणाले. उद्या चार वाजता मिरजेला उतरेल."

राजेश्वरीनं कुणालाच बोलावलं नव्हतं. तिच्याच नावाचा गळ लावून तिचीच बहीण ओढली होती. ती तशीच पोलीस चौकीवर धावत गेली, तर तिथे नाथाजी हवालदाराबरोबर चहा पीत बसलेला. "काय वैनी, काय हरवलं काय?" त्यानं हसून विचारलं. ती माघारी फिरली. मल्हारनं फोन काढून घेतला. "नाथाजीआण्णाच्या वाटंला जाऊ नगंस. त्यांचा पुतण्या चांगला हाय. पोरगी सुखात राहील."

"तो चाळीस वर्षांचा हाय."

"मी बी तवा एकतीसचा हुतो की. काय बिघडलं तुजं?"

त्या क्षणी तिच्या मनातला नवरा मेला. रात्रभर तिला एकच दिसत होतं, नाथाजी हात जोडून रडतोय आणि ती ऐकत नाहीये. असा विचार पाप आहे का, हे तिनं देवाला विचारलं नाही. देवाला तिच्या हातचं चालत नव्हतंच.

आता मात्र सासूच्या थट्टेनं तिला वाट सापडली. मल्हार सुरक्षा समितीचा सभासद असल्यामुळे कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा घरातच पडला होता. तिनं अकरा फॉर्म धुण्याच्या बादलीत कपड्यांखाली घातले आणि कॅनॉल गाठला. बाहेरून आणलेल्या बायकांना एकमेकींशी बोलता येईल अशी वाडीत तेवढीच जागा होती. कुणी तेलंगणातली, दोघी बिदरकडच्या, बाकी ओडिशा-छत्तीसगडच्या. राजेश्वरीनं मिनीचं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी हातातली धुणी दगडावर ठेवली.

"मारत्याल गं," तेलंगणाची म्हणाली.

"रोज काय पूजा करत्यात व्हय?" राजेश्वरी म्हणाली. "त्यांनीच इचारलंय, कुणी आणलं. आपून खरं सांगायचं."

तिनं बादलीतून फॉर्म काढले आणि एकेकीला विचारून लिहायला लागली. मग तेलंगणाचीनं पदराला हात पुसले आणि अंगठा पुढे केला.

दुपारी बाराला मंडप भरला. व्यासपीठावर दादा, शाल घेतलेला नाथाजी आणि बंदोबस्ताला तालुक्याहून आलेल्या फौजदार मॅडम. सभा मोबाइलवरून थेट सगळ्या मतदारसंघाला दिसत होती. दादांनी मुंबईची समिती सांगितली, कॅमेरे सांगितले, परप्रांतीयांवर तर ते घामाघूम होईपर्यंत बोलले. "आपल्या आयाबहिणी सुरक्षित राहिल्या पाहिजेत!" टाळ्या पडल्या.

तेवढ्यात अकरा बायका रांगेनं पुढे आल्या. चारचौघांत कधी न दिसणाऱ्या बायका भर सभेत बघून माणसं माना वळवायला लागली. राजेश्वरीनं गठ्ठा दादांच्या हातात दिला. "आमच्या नोंदी हायत्या, दादा."

दादा खुलले. महिलांचा असा प्रतिसाद, तोही थेट प्रक्षेपणात! सवयीप्रमाणे कागद डोळ्यांखालून न घालताच ते माइकवर वाचायला लागले. "नाव, सुकांती. मूळ राज्य, ओडिशा. येतानाचं वय, सतरा. आणणाऱ्याचं नाव..."

दादांचा आवाज बसला.

"वाचा की दादा!" मागून निवृत्त सुभेदार जोतिबा ओरडले. नाथाजीशी त्यांचं बांधावरून वैर होतं. "गुपित हाय काय?"

दादांनी दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "हा घरगुती विषय आहे. नंतर बोलू."

"अकराच्या अकरा कागदांवर नाथाजीचं नाव हाय!" राजेश्वरी ओरडून म्हणाली, माइकची तिला गरजच पडली नाही. "मॅडम, माजी बहीण पंधरा वर्षांची हाय. यानं इकायला आणलीय. चार वाजता मिरजंला गाडी येती. तुमी बसून ऱ्हाणार काय?"

नाथाजी शालीसकट उठला. "येडी हाय बाई! मल्हार, आवर तुज्या बायकूला!"

मल्हार उठला, पण मोबाइल त्याच्याकडे वळलेले बघून परत बसला. मॅडमनी नाथाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "पंधरा वर्षं म्हटल्यावर मला हलावंच लागेल. तुम्ही पण चला." नाथाजीनं दादांकडे पाहिलं. दादा म्हणाले, "कायदा आपलं काम करील." तसा नाथाजी राजेश्वरीपुढे आला आणि त्यानं खरोखर हात जोडले. "वैनी, माजी बी पोरंबाळं हायती."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "दोन पोरगंच हायती."

चार वाजता मिरजेच्या फलाटावर मिनी नाथाजीच्या बहिणीचा हात धरून उतरली. ताईला बघून ती पळत आली आणि तिनं पहिलं विचारलं, "कारखाना किती लांब आहे?" राजेश्वरीनं तिला असं आवळून धरलं की मिनी घाबरली.

दिवस मावळायला पोलीस ठाण्याच्या आवारात निम्मी वाडी लोटली होती. सगळे नाथाजीला शिव्या घालत होते, सगळ्यांत मोठ्यानं सुभेदार जोतिबा. "पोरींचा बाजार मांडला भाड्यानं! जलमठेप झाली पायजे!"

आत मॅडम जबाब लिहीत होत्या. मिनी राजेश्वरीला खेटून बसली होती, समोरच्या बाकावर मल्हार आणि राहीबाई. विकणाऱ्याची हकिकत लिहून झाली. मॅडमनी विचारलं, "आणि विकत कुणी घेतलं?"

राहीबाई बाकावरून उतरून सुनेच्या पायाशी आल्या. "राजेश्वरे, तुज्या पाया पडते. पोरगा आत जाईल गं माजा. तुज्या लेकीचा बाप हाय. नाथाजीला फाशी दे, पण घरावर वरवंटा फिरवू नगंस. उद्यापास्नं देवाचा निवद तू कर."

"आत्ती, घेणारं नसतं तर त्यानं इकलं कुणाला असतं?" राजेश्वरीचा आवाज अजिबात हलला नाही. लेकीचा बाप मात्र होताच तो. तिनं मिनीच्या हातांकडे पाहिलं, कोवळ्या, अजून बांगडीही नीट न बसणाऱ्या हातांकडे, आणि मॅडमकडे तोंड केलं.

"लिवा. घेणार, मल्हार. पैसं मोजून देणार, राहीबाई."

राहीबाईंनी तोंडावर पदर घेतला.

"पुढं?" मॅडमनी विचारलं.

"अकरा घरं हायती. दुसरं, सुभेदार जोतिबांचं. त्यांच्या थोरल्यासाठी तेलंगणाची आणली."

उघड्या खिडकीतून शब्द बाहेर गेले आणि आवारातल्या शिव्या बंद झाल्या. मग एक मोटारसायकल सुरू झाली, तिच्या मागे दुसरी, तिसरी. वाडीतली प्रतिष्ठित माणसं दिवे न लावता घराकडे निघाली. त्या माणसांत कोण कोण होतं हे हिवरमळ्यात जाऊन विचारायचं कारण नाही, वाचकहो. आपापल्या गल्लीत कुणाची सून कुठून आली, हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं.

"तिसरं घर?" मॅडमनी पान उलटलं.

राजेश्वरी सांगत राहिली.